एकोणचाळीस मुडदे, एक रबरी शिक्का



ह्या अंकाचं संपादकीय कवितेवर लिहायचं ठरलं होतं. दोन पानं खरडूनही झाली होती. ती फाडली. कारण गेले काही दिवस एक माणूस डोक्यातून हलत नाही. दाढीवाला, अनवाणी, हातात ९ एमएमचं पिस्तूल. अंधारात तो दिवा लावत नाही. फरशीवर बुटाचा आवाज होऊ नये म्हणून बूट काढून आत शिरतो. आत कोणीतरी काळा माणूस टेबलाखाली, नाहीतर संडासात, अंग चोरून बसलेला असतो. मग गोळ्यांचा आवाज येतो. मग तो स्वतःच पोलिसांना कळवतो. पोलीस येतात, मुडदा बघतात, कागद भरतात आणि कागदावर शिक्का मारतात : समर्थनीय मनुष्यवध.

असं तीन वर्षांत किमान एकोणचाळीस वेळा झालं. त्याचं नाव लुई व्हॅन स्कूर. गाव ईस्ट लंडन, देश दक्षिण आफ्रिका, सालं १९८६ ते १९८९.

नावावर जाऊ नका, हे इंग्लंडातलं लंडन नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बफेलो नावाच्या नदीच्या तोंडाशी हे बंदर आहे. मी गोदीत हमाली करतो, त्यामुळे बंदराचं नाव आलं की कान टवकारतात. तिथंही धक्का आहे, क्रेन आहे, मोटारींचा मोठा कारखाना आहे, मिठाई-चॉकलेटचा कारखाना होता. राबायला काळे आणि राहायला गोरे. समुद्राकडची हवा, बंगले, दुकानांची लाईन, हॉटेलं गोऱ्यांची. काळ्यांनी दिवसा यावं, राबावं, रात्री निघून जावं. जायचं कुठं? तर वीसेक किलोमीटरवर मदान्त्साने नावाची वसाहत उठवली होती तिथं. १९६०च्या दशकात शहरातल्या वस्त्या उठवून माणसं तिकडे नेऊन टाकली. आणि पुढे ती वसाहत सिस्काय नावाच्या एका खोट्या देशात घातली. १९८१ साली त्या सिस्कायला गोऱ्या सरकारने 'स्वातंत्र्य' देऊन टाकलं. म्हणजे सकाळी बसमध्ये बसून कामावर जाणारा मजूर आपल्याच जन्मगावात परदेशी झाला. गावकुसाबाहेरचा महारवाडा आपल्याला माहीत आहे, पण महारवाड्याला वेगळा देश ठरवून वेशीवर पासपोर्ट मागायची अक्कल आपल्या पाटील-ब्राह्मणांनाही सुचली नव्हती.

१९८३ साली बसचं भाडं वाढलं. लोकांनी बसवर बहिष्कार घातला, आगगाडीने जायला लागले. तर ४ ऑगस्टला एगर्टन स्टेशनवर कामाला निघालेल्या त्या माणसांवर सिस्कायच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. १९८५च्या ऑगस्टमध्ये शहरालगतच्या डंकन व्हिलेज वस्तीत उठाव झाला, तो गोळ्यांनीच मोडला. जून १९८६ला सगळ्या देशावर आणीबाणी आली. पोलीस वस्त्यांमध्ये गुंतले आणि गोऱ्यांच्या दुकानांची राखण खासगी रखवालदारांकडे गेली. त्याच साली पासचा काळा कायदा रद्द झाला. कागदावर काळा माणूस शहरात फिरायला मोकळा झाला आणि त्याच साली व्हॅन स्कूर कामाला लागला. हा योगायोग असेल. मी योगायोगावर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण पुरावा नसताना पुढचं बोलणार नाही.

हा माणूस आकाशातून पडला नव्हता. बारा वर्षं पोलिसात होता. कुत्रे घेऊन माणसांचा माग काढायचा, माणसांवर कुत्रे सोडायचं, हे त्याचं काम. आणि ती माणसं कोण? मोर्चेवाले नाहीतर चोर, जवळपास सगळे काळे. ह्या कामाबद्दल म्हातारपणी त्यानेच सांगून ठेवलंय की ते शिकारीसारखंच होतं, फक्त प्राणी वेगळ्या जातीचा. पोलिसातून बाहेर पडला आणि रखवालीचा धंदा घातला. शहरातल्या गोऱ्यांच्या धंद्यांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत राखण त्याच्याकडे होती. हॉटेलं, दुकानं, कारखाने, शाळासुद्धा. दुकानात मुकी घंटा बसवलेली. चोर आत शिरला की दुकानात आवाज नाही, घंटा वाजते ती ह्याच्याकडे. मग हा निघायचा. एकटा. एका रात्रीत कधी एकापेक्षा जास्त माणसंही पाडलेली आहेत. गोळी कुठली, तर पोकळ टोकाची. ती अंगात शिरली की आत फुलते आणि मांस फाडत जाते. माणूस नुसता थांबवायचा असेल तर ही गोळी कोण वापरतो?

त्याने शंभराच्या आसपास माणसांना गोळ्या घातल्या. मेले एकोणचाळीस, निदान कागदावरचे तरी. सगळे काळे. सगळ्यात लहान बारा वर्षांचा. बारा! आपल्याकडं त्या वयात पोरगं सातवीत असतं.

आणि एक चौदा वर्षांचा. तो मेला नाही, म्हणून गोष्ट कळली. जुलै १९८८. पोरगा एका हॉटेलात शिरला होता, गल्ल्यातली चिल्लर मिळाली तर बघायला. माणूस आल्याची चाहूल लागली तसा संडासात लपला. व्हॅन स्कूरने त्याला बाहेर काढलं, भिंतीला उभं राहायला सांगितलं आणि गोळ्या घातल्या. एक नाही, अनेक. पोरगा जगला आणि त्याने तोंड उघडलं. तेव्हा काय झालं? त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. उलट घरफोडीच्या गुन्ह्यात शिक्षा त्यालाच झाली. म्हणजे गोळी खाणारा आरोपी आणि गोळी घालणारा फिर्यादी पक्षाचा साक्षीदार.

इथं थांबून कायदा बघितला पाहिजे. आपल्यातले पुष्कळजण अशा वेळी 'नराधम, राक्षस, सैतान' म्हणून मोकळे होतात. म्हणा. पण राक्षसाला कायद्याचं कलम लागत नाही, ह्याला लागलं. दक्षिण आफ्रिकेचा १९७७चा फौजदारी प्रक्रियेचा कायदा, त्यातलं कलम ४९. त्याचा मतलब असा : जो माणूस गुन्ह्याच्या एका यादीतला गुन्हा करून पळतोय असा संशय आहे आणि त्याला दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने थांबवता येत नाही, त्याला ठार मारलं तर तो वध समर्थनीय धरावा. त्या यादीत खून होता, बलात्कार होता आणि त्यांच्याच रांगेत चोरी आणि घरफोडीही होती. म्हणजे चोरीबद्दल न्यायाधीश देईल काही महिन्यांचा तुरुंग, पण पळालात तर रखवालदार देईल मरण. व्हॅन स्कूरला पाठ झालं होतं ते एकच वाक्य : 'थांब म्हटलं, तो पळाला.' एकोणचाळीस मुडदे आणि प्रत्येकाच्या कागदावर हेच. आता बंद दुकानात, दरवाजात पिस्तूलवाला उभा असताना, पळून पळून माणूस पळतो कुठं? हा प्रश्न शिक्का मारणाऱ्या हाताला पडला नाही. पुष्कळ मुडद्यांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या, आणि कायद्याच्या नजरेत तोच पळाल्याचा पुरावा झाला. असली ही कलमाची करामत.

मुंबईत खुनी म्हटलं की जुन्या माणसांना अजून रामन राघव आठवतो. १९६८ साल. फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या गरिबांची डोकी तो फोडायचा. लोक रात्र रात्र जागायचे, काठ्या घेऊन गस्त घालायचे. पकडला गेला तेव्हा शहराने श्वास सोडला. डॉक्टरांनी त्याला वेडा ठरवला. तो लपून मारायचा, कारण पकडलं तर मरण आहे हे त्या वेड्यालाही कळत होतं. व्हॅन स्कूर वेडा नव्हता आणि लपतही नव्हता. १९८६ ते १९८९ ह्या काळातला प्रत्येक मुडदा त्याने स्वतः पोलिसांना कळवलेला आहे. पोलीस यायचे ते त्याचे जुने दोस्त. पुढे त्यानेच सांगितलं की ईस्ट लंडनमधल्या पोलिसांना सगळं माहीत होतं आणि लुई, जरा आवर, असं एकानेही कधी म्हटलं नाही. म्हणून 'पकडला' हा शब्द ह्या माणसाबाबतीत मला खटकतो. जो रोज रात्री पोलिसांना स्वतः बोलावून घेतो त्याला पकडायचं म्हणजे काय करायचं?

आणि पोलिसांच्याही मागे कोण? दुकानदार. हे विसरायचं नाही. व्हॅन स्कूर पगारी होता. त्याला दर महिन्याला पैसे कोणी मोजले? ज्यांच्या फरशीवर रक्त सांडलं त्यांनी. रात्री मुडदा पडायचा, सकाळी फरशी धुतली जायची. ती कोण धूत असेल ते सांगायला नको, मदान्त्सानेची पहिली बस पकडून आलेलीच कुणीतरी. मग दुकान उघडायचं. ह्या सभ्य, चर्चमध्ये जाणाऱ्या माणसांनी त्याला कामावरून काढलं नाही. उलट शहरात गाड्यांच्या मागे चिकटवायला स्टिकर निघाले : 'आय लव्ह लुई'. शेजारी बदामाचं चित्र आणि त्या बदामाला गोळ्यांची भोकं. छापखान्यात कोणीतरी ते डिझाईन केलं, कोणीतरी पैसे देऊन घेतलं, पोरांना शाळेत सोडायला जाताना त्या गाडीतून नेलं. एकट्या व्हॅन स्कूरपेक्षा हा स्टिकर मला जास्त भेसूर वाटतो. खुनी प्रत्येक समाजात निपजतो. पण त्याचा स्टिकर लावायला समाज कमवावा लागतो.

आता ती गोष्ट, जी बोलायला आपली जीभ अडते. ते चोर होते. बरेचसे खरोखर चोरी करायला शिरले होते. काही कचऱ्याचे डबे उपसत होते, काहींना खायला पाहिजे होतं, काहींना गल्ला. काही सराईतही असतील. आपल्या सभांमध्ये शोषितांची गोष्ट सांगताना आपण त्यांना धुऊन-पुसून, कपाळाला पावडर लावून उभं करतो. मेलेला माणूस निष्पाप निघाला की आपल्याला बरं वाटतं, घोषणा द्यायला सोपं जातं. आणि तो चोर निघाला की आपलेच नोकरदार, सफेद कॉलरवाले बांधव हळूच म्हणतात, 'पण गेला कशाला तिथं?'

मी सांगतो गेला कशाला. गोदीत माझ्या टोळीत एक म्हातारा होता, आम्ही तात्या म्हणायचो. एकदा एका शेडमध्ये गोणी फुटली, तूरडाळ धक्क्यावर सांडली. सांडलेली डाळ कोणाचीच नसते, ती झाडून टाकतात. तात्याने दोन मुठी डब्यात भरल्या. सुटीच्या वेळी गेटवर झडती झाली. रखवालदार तिशीतलं पोरगं होतं, त्याने सगळ्या पाळीसमोर तात्याच्या थोबाडात मारली. डाळ परत धक्क्यावर ओतली आणि झाडूवाल्याला झाडायला लावली. आम्ही चाळीस-पन्नासजण उभे होतो. कोणी हाललं नाही. मी पण नाही. माझ्या हातात हूक होता आणि मी उभा होतो. आता समजा त्या पोराच्या हातात पिस्तूल असतं, समजा त्याच्या पाठीशी कलम ४९ असतं, आणि समजा तात्या घाबरून पळाला असता. मग कागदावर काय आलं असतं? 'चोर पळताना मारला गेला.' डाळीचा उल्लेख तरी आला असता का?

तात्या चोर होता की नव्हता, ह्यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. मला एवढंच कळतं की चोराला चोरीची शिक्षा असते, आणि ती देणारा कोर्टात बसतो. ज्याच्या हातात घंटेची तार आहे तो न्यायाधीश नाही.

मदान्त्साने आणि डंकन व्हिलेजच्या लोकांना सगळं ठाऊक होतं. शहराला ठाऊक नसलेलं वस्तीला नेहमीच ठाऊक असतं. त्यांच्या खोसा भाषेत त्यांनी त्याला नाव ठेवलं होतं, दाढीमिशीवाला अशा अर्थाचं. रात्री माणसं नाहीशी करणारा दाढीवाला. आया पोरांना त्याच्या नावाने भीती घालत असतील. पण वस्तीचं ठाऊक असणं पुरावा ठरत नाही. ते छापून आलं तेव्हा पुरावा झालं, आणि छापणारा गोरा होता : डॉमिनिक जोन्स, तिथल्या वर्तमानपत्राचा बातमीदार. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याने हे मुडदे मोजायला सुरुवात केली. त्याला सलाम. आपल्या काही दोस्तांना गोऱ्याचं श्रेय मोजताना पोटात दुखतं, मलाही थोडं दुखतं. पण ज्याने मोजलं त्याने मोजलं. पुढं इसा जेकब्सन ह्या बाईने वीस वर्षं ह्याच कागदांमागे घालवली, धूळ खात पडलेले पोलिसांचे जबाब आणि शवविच्छेदनाचे अहवाल शोधून काढले. तिच्यामुळेच २०२४ साली बीबीसीवर हे सगळं जगासमोर आलं. आपण लेखक म्हणवतो. आपल्यापैकी किती जणांनी एका मुडद्याच्या कागदामागे वीस दिवस घालवलेत?

फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले. हवा बदलली. ज्या मोटार कारखान्याचा वर उल्लेख केला तिथल्या कामगारांनी त्यांच्यासाठी आपल्या हातांनी लाल मर्सिडीज बांधली, त्याच शहरात, त्याच वर्षी. आणि चळवळीचा आणि बातमीदारांचा रेटा वाढल्यावर १९९१ साली व्हॅन स्कूरला अटक झाली. शेवटचा मुडदा पडून दोन वर्षं होऊन गेल्यावर. दाढीवाल्याला पकडायला पोलिसांना शोध घ्यावा लागला नाही, पत्ता त्यांच्याकडे होताच.

खटला मोठा झाला. डझनांनी साक्षीदार, हजारो पानं. पण खटला चालवणारं यंत्र जुनंच. न्यायाधीश जुने, कायदा जुना, तपास करणारे जुने. १९९२ साली निकाल आला. एकोणचाळीसमधले सात खून सिद्ध झाले, आणि दोन खुनांचे प्रयत्न. उरलेल्या बत्तीस मुडद्यांवरचा शिक्का तसाच राहिला : समर्थनीय. शिक्षांची बेरीज नव्वद वर्षांच्या वर गेली. पण सगळ्या शिक्षा एकत्र भोगायच्या म्हणून ती झाली वीस. आणि वीसपैकी भोगली बारा. चांगल्या वागणुकीबद्दल २००४ साली सुटला. एकोणचाळीस माणसं, बारा वर्षं. भागाकार करून बघा, एका काळ्या माणसाची किंमत चार महिने सुद्धा येत नाही.

हेच यंत्र दुसऱ्या बाजूला कसं चालायचं तेही बघा. १९५३ ते १९५५ ह्या काळात नाताळ प्रांतात एलिफासी म्सोमी नावाच्या काळ्या माणसाने कुऱ्हाडीने पंधरा माणसं मारली. ती माणसंही काळीच होती. त्याने कोर्टात भुताखेताची गोष्ट सांगितली, कोणी ऐकली नाही, १९५६च्या फेब्रुवारीत प्रिटोरियाला फासावर गेला. अटक ते फास, सगळं सटासट. आणि ज्या १९८७ साली व्हॅन स्कूर दर महिन्याला मुडदे पाडत होता त्या एका वर्षात प्रिटोरियाच्या तुरुंगात १६४ माणसं फासावर चढवली गेली. जवळपास सगळी काळी. १९९०च्या सुरुवातीला फाशी थांबवली आणि १९९५ला तिथल्या घटना न्यायालयाने ती कायमची रद्द केली. म्हणजे काळ्यांना लटकवायचा काळ सरला आणि मग हा गोरा कोर्टात उभा राहिला.

आमच्या बैठकीत एका दोस्ताने टेबलावर हात आपटला, 'साल्याला भर चौकात लटकवायला पाहिजे होता.' रक्त माझंही तापतं. पण ते १६४ डोळ्यांसमोर येतात. दोरी ज्यांच्या हातात असते ती त्यांच्याच सोयीने वळते. मी त्या दोस्ताला हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. ज्यांना ह्यावर लिहायचं आहे त्यांनी पुढच्या अंकासाठी लिहावं, पानं राखून ठेवतो.

व्हॅन स्कूर शेवटपर्यंत म्हणत राहिला की तो वर्णद्वेष्टा नाही. काळ्यांना मारायला म्हणून तो निघत नव्हता, चोरांना धरायला निघत होता, आणि ते काम थरारक होतं एवढंच. मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत असणार. ज्या व्यवस्थेत गोऱ्याकडे दुकान आणि काळ्याकडे भूक वाटून दिलेली आहे, तिथं 'मी फक्त चोरांना मारतो' म्हणणाऱ्याला वर्णद्वेषाची वेगळी गरजच पडत नाही. वर्णाचं काम जमिनीच्या कायद्याने, वस्तीच्या कायद्याने, शाळेच्या कायद्याने आधीच करून ठेवलेलं. ह्याने फक्त चाप ओढायचा. आपल्याकडंही 'आम्ही जातपात मानत नाही' म्हणणारे सगळ्यात जास्त कुठं भेटतात, आठवा.

कोणी विचारेल, हे सगळं मराठी मासिकात कशाला? आपल्या घरी मुडदे कमी आहेत का? नाहीत. पण १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डु बॉईस ह्या काळ्या विद्वानाला पत्र पाठवलं. अमेरिकेतले निग्रो आपली गाऱ्हाणी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडणार होते, त्या अर्जाची प्रत बाबासाहेबांना पाहिजे होती. त्याच १९४६ साली हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला, तो १९९३पर्यंत बंद होता. सत्तेचाळीस वर्षं. आता रिचर्ड्स बे बंदरातला कोळसा आपल्या देशाच्या बंदरांत उतरतो आणि पोरांना त्या बंदीची आठवणही नाही. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांनी दक्षिण आफ्रिकेचा माल अकरा दिवस जहाजातून उतरवला नव्हता. बाकीचा माल उतरवला, तो तेवढा आत ठेवला. कोणी हुकूम दिला नव्हता. मला ह्या बातमीचा कुठल्याही कवितेपेक्षा जास्त हेवा वाटतो.

आणि ईस्ट लंडनच्या शेजारीच, किंग विल्यम्स टाऊनचा स्टीव्ह बिको. काळा माणूस मनाने उभा राहिला पाहिजे म्हणणारा. ऑगस्ट १९७७ला पोलिसांनी त्याला रस्त्यात धरलं, १२ सप्टेंबरला तो कोठडीच्या मारहाणीने मेला. चौकशी झाली आणि मॅजिस्ट्रेटने सांगितलं, कोणाचाही दोष नाही. तिशीतला माणूस, डोक्याला मार, आणि दोष कोणाचाच नाही. व्हॅन स्कूरच्या कागदांवरचा शिक्का तेव्हाच तयार झालेला होता. शाई ओलीच होती.

१५ एप्रिल १९९६. सत्य आणि सलोखा आयोगाची पहिली सुनावणी झाली ती ह्याच ईस्ट लंडनच्या सिटी हॉलमध्ये. बिशप टुटू पहिल्याच आठवड्यात टेबलावर डोकं ठेवून रडले. त्या आयोगाचं काम राजकीय संघर्षातल्या अत्याचारांपुरतं होतं. गल्ल्यातल्या चिल्लरीसाठी गेलेला पोरगा राजकीय कसा ठरायचा? हॉलपासून थोड्या अंतरावर ती दुकानं होतीच, धुतलेल्या फरश्यांची. भूक ही राजकीय गोष्ट आहे हे कुठल्याही आयोगाच्या कागदात बसत नाही.

कलम ४९चं पुढं काय झालं तेही सांगतो. फेब्रुवारी १९९९. त्याच प्रांतातलं लेडी फ्रेअर नावाचं लहान गाव. रात्री बेकरी फोडायला कोणी शिरलं, बेकरीवाल्या बापलेकांनी गोळ्या झाडल्या, पळणारा एकजण मेला. त्यांनी कोर्टात तेच कलम पुढं केलं. प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि २००२ साली न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. नुसत्या चोरीसाठी पळणाऱ्या माणसाचा जीव घेता येत नाही. एवढी साधी गोष्ट. ती कळायला पंचवीस वर्षं आणि एक नवी राज्यघटना लागली. तेव्हा व्हॅन स्कूर अजून आतच होता, पण जुन्या मुडद्यांवर त्या निकालाचा काही परिणाम झाला नाही.

जुलै २०२४ मध्ये, त्याच्यावरची फिल्म दाखवली गेली त्याच दिवसांत, तो मेला. बत्तीस मुडद्यांबद्दल त्याला काहीही विचारायचं राहून गेलं.

पण मेलेल्यांची घरं अजून आहेत. एका बाईचा भाऊ १९८७ साली असाच गेला. घरच्यांना न विचारता, न कळवता त्याला शहरातल्या बेनाव थडग्यात पुरून टाकलं. पुष्कळ घरांत तर आपला पोरगा त्या एकोणचाळीसमध्ये आहे की नुसताच हरवलाय हेही कळलेलं नाही. कागदावर पोलिसांनी लिहिलेलं नाव असतं, घरी हाक मारायचं नाव वेगळं असतं, त्यामुळे यादी हातात आली तरी आईला तिच्यात पोरगा सापडत नाही. ती बाई अजून भावाची कबर शोधते आहे.